शर्यतीची लाँच

आमच्या गावाहून खाडीने रत्नागिरीच्या राजिवड्याच्या धक्क्याला जायला, ओहोटी असली तर होडीला सव्वा तास लागायचा. भरती असली आणि वारा समोरचा असला तर सव्वातीन तास. हे मी अंदाजाने सांगत नाही, घड्याळ लावून मोजलेलं आहे. कार्तिकात ज्या दिवशी सव्वातीन तास लागले त्या दिवशी माझी बायको अडीच तासांनी वारली. पहिलटकरीण होती, दीड दिवस कळा देत होती आणि मी तिला मोठ्या दवाखान्यात घेऊन निघालो होतो. मूलही गेलं. उरलेला पाऊण तास आम्ही वल्हवत राहिलो, कारण परत फिरायचं की पुढे जायचं हे कुणी बोलेना, आणि मीही बोललो नाही.

त्या वेळी मी सव्वीस वर्षांचा होतो आणि गावच्या शाळेत मास्तर होतो. तेराव्यापर्यंत मी रडलो नाही, आणि त्यानंतरही नाही. चौदाव्या दिवशी शाळेत गेलो आणि तिसरीला भागाकार शिकवला. लोक म्हणत, मास्तर दगडाचा आहे. म्हणोत बापडे. दगडाचा असतो तर बरंच झालं असतं, दगडाला हजेरीपटावर सही करावी लागत नाही. मला जेवण जात होतं, झोप येत होती. फक्त कुणी काही सांगितलं की ते पलीकडच्या खोलीत कुणी बोलतंय असं वाटायचं.

माघात मुंबईहून माझ्या धाकट्या बहिणीचं पत्र आलं. तिला दिवस गेले होते, आणि पहिलं बाळंतपण माहेरीच व्हायचं. भाद्रपदातले दिवस भरत होते. मी आईला पत्र वाचून दाखवलं. आई तांदूळ पाखडत होती, ती सूप हातात धरून तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "तिला तिकडंच ऱ्हाऊ दे असं लिहू काय?" पण जावयाची खोली गिरणीच्या चाळीत, चार माणसांत वाटलेली. तिकडे करणार कोण?

मी म्हटलं, "तिला इकडेच येऊ दे. मी मोटार लाँच घेतो."

हे वाक्य माझ्या तोंडून आलं तेव्हा मी मोटार लाँचमध्ये कधी पायसुद्धा ठेवलेला नव्हता. आमच्या गावात तोवर इंजिन असलेली एकच वस्तू येऊन गेली होती, ती म्हणजे तांदूळ सडायची गिरणी घालायला जागा बघायला आलेल्या एका सावकाराची मोटारसायकल, आणि तीही चिखलात रुतून बैलगाडीतून परत गेली. पण माझा हिशोब सरळ होता. बायको अडीच तासांनी गेली. मला तासाच्या आत पोचवणारी बोट हवी होती, भरतीतसुद्धा, वाऱ्यातसुद्धा. वडिलांच्या मागे राहिलेली वरच्या अंगाची आंब्याची बाग मी विकून टाकली. गाव हसलं. मला हसण्याचंही काही वाटलं नाही.

बोट घ्यायची म्हणजे तांडेलाला बरोबर घेणं आलं. तांडेल म्हणजे आमच्या गावच्या होड्यांचा म्होरक्या, साठीचा, खाडीतला दगड न् दगड पाठ असलेला. त्या दिवशी होडीचं सुकाणू त्याच्याच हातात होतं. तेव्हापासून तो माझ्याशी बोलताना खाली बघायचा. मी त्याला म्हटलं, चल. तो लगेच निघाला, का ते विचारलं नाही.

लाकडाची परीक्षा तांडेल करील, पण इंजिनाची? म्हणून मी मिरकरवाड्यातल्या एका चाचांना गाठलं. त्यांनी आगबोटीच्या इंजिनखोलीत उमेदीची सगळी वर्षं काढली होती, एडन, बसरा, कुठं कुठं. आता कान जरा गेले होते. पण इंजिनावर काठी टेकवून तिचं दुसरं टोक दातांत धरलं की आत काय चाललंय ते त्यांना समजायचं. ते म्हणाले, "मास्तर, इंजिनाला चार गोष्टी लागतात. तेल, आग, हवा नि शहाणा माणूस. पैल्या तीन बाजारात मिळतात." मला हसायला हवं होतं.

चैत्रभर शाळा सुटली की आम्ही तिघे बोटी बघत हिंडलो. विकायला होत्या तीनच. एक होती एका ठेकेदाराची, रेती वाहून म्हातारी झालेली, रुंद बुडाची, रॉकेलवर चालणारी लाँच. तिचं इंजिन धाप लागल्यासारखं थांबत थांबत चाले, पण चाले. दुसरी म्हणजे आगबोटीवरून उतरवलेली जुनी होडी, तिच्यात कुणीतरी मोटारगाडीचं इंजिन बसवलेलं. ते बसवायला बोटीची आडवी फळीच कापून टाकलेली. तांडेलाने ते बघितलं, थुंकला आणि पुढे गेला.

तिसरी मिरकरवाड्यात एका नारळाच्या व्यापाऱ्याच्या वखारीमागे माडाच्या विणलेल्या झापांच्या मांडवात ओंडक्यांवर ठेवलेली होती. मुंबईच्या बंदरात साहेब लोक शर्यती लावतात त्यातली. साहेब विलायतेला परत गेला, व्यापाऱ्याने हौसेने उचलली, आणि घरी आणल्यावर त्याला कळलं की हिच्यात नारळाची दोन पोती ठेवायलाही जागा नाही. लांब नाकाडाची, अरुंद, तांबूस लाकडाची, वरून काचेसारखं रोगण. मागे चार माणसं बसतील एवढी गादीची बैठक. पाठीवर तिचं इंग्रजी नाव होतं, ते खरवडून काढलं होतं. तिथं नुसता फिका पट्टा राहिला होता.

तांडेल तिच्याभोवती तीनदा फिरला. बोटांच्या सांध्यांनी फळी फळी वाजवली. जिथं आवाज बद्द येई तिथं सळईचं टोक टोचून बघी. मग उताणा पडून बोटीखाली सरकला आणि पठाण, म्हणजे बोटीच्या बुडाचा कणा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एक डोळा मिटून बघितला. आत हात घालून बुडाचा गाळ नाकाशी नेला. हे सगळं करायला त्याला अख्खी दुपार लागली. संध्याकाळी बाहेर येऊन म्हणाला, "लाकूड इकडचं नाय. पण करणाऱ्यानं जीव लावून केलान् हाय. एक खिळा वाकडा नाय."

चाचांनी काठी सरसावली. इंजिन चालू करण्याआधी त्यांनी बोट ओढून पाण्यात घालायला लावली. का, ते मी विचारलं नाही. बोट पाण्यातच चालते, त्यात विचारायचं काय? दहा-बारा माणसांनी ती ओढली. चाचांनी हँडल मारलं आणि धक्क्यावरच्या कोळणींनी मासळीचा लिलाव थांबवून कानांवर हात दाबले.

आम्ही दीपगृहाच्या कड्यापर्यंत जाऊन आलो. बोटीचं नाक वर उचललं गेलं आणि पाणी खालून टणक लागू लागलं. चाचा, सत्तरीला टेकलेला माणूस, मोठ्याने ओरडत होते, टोपी उडू नये म्हणून डोक्यावर हात, आणि डोळ्यांतून पाणी. तांडेल दोन्ही हातांनी कड धरून बसला होता आणि आयुष्यात पहिल्यांदा समुद्रात त्याचा चेहरा पांढरा झालेला मी बघितला. मी घड्याळ बघत होतो. अंतर आणि मिनिटं यांचा भागाकार केला. गावापासून राजिवडा, पंचवीस मिनिटं. भरती धरून अर्धा तास.

अर्ध्या तासात ती जिवंत होती. अर्ध्या तासानंतरही दोन तास जिवंत होती. हे मी बोटीत बसून स्वतःशी म्हटलं आणि थांबलो, की आता काहीतरी वाटेल. काही वाटलं नाही.

उतरल्यावर चाचा म्हणाले, "मास्तर, मजा आली. आता खरं सांगू? घेऊ नका. ही नाटकातली बाई, संसाराला नाय उपयोगी. ती रेतीवाल्याची म्हैस घ्या. हळू जाईल, पण पोचेल."

"किती वेळात?"

"सव्वा तास धरा. जास्तीत जास्त दीड."

"मग नको."

तांडेलालाही विचारलं. तो म्हणाला, "खाडीत गाळ हाय, दगड हाय, जाळी हायत. हिला दीड हात पाणी लागतं नि बुडाखालचा पंखा उघडा हाय. पण बांधणी झकास. तू म्हणशील ते." व्यापाऱ्याला विचारलं, त्याने अर्थातच डोळे झाकून घ्या म्हटलं. दवाखान्यातल्या कंपाउंडरला विचारलं, अवघडलेल्या बाईला बोटीचे धक्के सोसतील का? तो म्हणाला, गादी आहे ना? कोल्हापूरच्या मोटारीच्या ड्रायव्हरलाही स्टँडवर गाठून विचारलं. इंजिनं त्याच्या रोजच्या हातातली, आणि तो गप्पिष्ट होता. त्याने सांगितलेली एक गोष्ट मी वहीत उतरून घेतली: इंजिन बसून राहिलं की आतून गंजून धरतं, आठवड्यातून एकदा तरी चालू करून गरम होऊ द्यायचं. मी इतक्या लोकांना विचारलं की स्टँडवरची माणसं मला बघून 'लाँचवाले मास्तर' म्हणायला लागली.

वैशाखात लाँच गावात आली. खाडीला पावसाचं पाणी आलं नव्हतं तोवर तांडेलाने ती शिडाच्या होडीमागे बांधून ओढत आणली. इंजिनाने आणायचं मी म्हटलं, पण तो म्हणाला, आपल्या बंदरात नवं तारू पहिल्यांदा उतरतं ते नारळ देऊन. नारळी पुनवेआधी त्याने आपलं आपण पाणी कापायचं नाही. ओढून आणलं तर चालतं, ते पाहुणं म्हणून येतं. मला हा नियम हास्यास्पद वाटला, पण वाद घालण्याइतकंही मला त्यात स्वारस्य नव्हतं. तशीही बहिणीची वेळ भाद्रपदातली. पुनवेनंतर हातात पंधरा-वीस दिवस होते.

लाँच वाडीखालच्या माडांत मांडव घालून त्यात ओंडक्यांवर चढवली. आमच्या माणसांना लाकडाचं सगळं कळतं. कोरड्यावर ठेवलेल्या बोटीच्या फळ्या सुकून सांधे उघडतात, म्हणून तांडेलाने पाळी लावून दिली. रोज संध्याकाळी एकेका घरातून कुणीतरी यायचं, दोन कळश्या पाणी बोटीच्या आत आणि दोन बाहेरून. अख्ख्या पावसाळ्यात एक दिवस चुकला नाही. बाहेर पाऊस कोसळत असायचा आणि मांडवाखाली माणसं लाकडाला पाणी पाजत असायची. इंजिनालाही पाणी लागतं हे त्यांच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही, आणि चार यत्ता इंग्रजी शिकलेल्या मास्तरच्याही नाही.

मी दर सोमवारी, शाळा सुटल्यावर, हँडल मारून इंजिन चालू करत होतो. ड्रायव्हरने सांगितलं होतं, गरम होऊ द्या. होत होतं. दोन-तीन मिनिटांत हात लावू नये इतकं. मी वहीत तारीख घालून 'ठीक' असं लिहीत असे. मोटारगाडीचं इंजिन आपलं पाणी पुढच्या डब्यात बरोबर घेऊन फिरतं. लाँचचं तसं नसतं. ती बुडातल्या भोकातून खाडीचं पाणी पंपाने आत ओढते आणि त्यावर थंड राहते. ओंडक्यांवर ते भोक हवेत असतं. ड्रायव्हरला लाँचचं माहीत नव्हतं. चाचांना ते इतकं माहीत होतं, की सांगायची गरज वाटली नाही. कोरड्यावर इंजिन चालवणारा माणूस जगात असेल, हे त्यांच्या मनातही आलं नसेल.

बहीण आषाढात आली. चेहरा भरलेला, चालणं जड झालेलं, पण तोंड तेच, सतत चालू. माझ्या खोलीत येऊन भिंतीवरच्या खुंटीला अजून लटकत असलेलं वहिनीचं लुगडं तिने काढलं, घडी करून पेटीत ठेवलं आणि मला काही विचारलं नाही. मग लाँच बघायला गेली. तिला ती भलतीच आवडली. म्हणाली, "दादा, मुंबईत राणीच्या बागेजवळ साहेबाच्या मडमांना पण असली गाडी नसेल."

नागपंचमीला माहेरवाशिणी जमल्या होत्या. पाऊस उघडला होता. कुणीतरी म्हटलं, मास्तरचं इंजिन बघूया. तीस-चाळीस बायका मांडवाभोवती उभ्या. मी हँडल मारलं. इंजिन गर्जलं, पंखा हवेत गरगर फिरू लागला, पोरी किंचाळल्या, म्हाताऱ्या पदर तोंडाशी धरून हसल्या. मी बंद करायला गेलो तर बहीण ओरडली, "दादा, अजून थोडा वेळ!" ती ओंडक्यावर बसली होती, एक हात पोटावर, केसांत अबोलीचा वळेसर, आणि खदखदून हसत होती. वर्षभरात आमच्या घरातलं माणूस पहिल्यांदा तसं हसलं. मी इंजिन चालू ठेवलं. पंधरा मिनिटं तरी असेल. करपल्याचा वास आला, तो रोगणाचा असेल म्हणून मी सोडून दिला.

तिच्या कळा नारळी पुनवेच्या चार दिवस आधी सुरू झाल्या. दिवस भरायला अजून वेळ होता, पण पोटातलं मूल पंचांग बघत नाही. त्याच दुपारी सुईण येऊन बसली. वाडीच्या शेवटाला राहणारी, सगळे तिला मावशी म्हणत. माझ्यासकट निम्मं गाव तिच्या हातून जगात आलेलं. माझ्या बायकोच्या वेळीही तीच होती. दुसरी सकाळ झाली तरी सुटका होईना. आतून बहिणीचा आवाज येत होता, तो आता थकलेला, बारीक येऊ लागला. आई बाहेर आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली.  

मी तांडेलाकडे गेलो. "लाँच पाण्यात घाल."

तो म्हणाला, "पुनव अजून तीन दिवस हाय."

"माहीत आहे."

तो खाली बघत राहिला. मग वर बघितलं, कार्तिकानंतर पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत, आणि माणसांना हाक मारली. त्याने परसातला एक नारळ आणला, घाईघाईत पाण्याला दिला, पुटपुटत हात जोडले. वीस माणसांनी लाँच ओढली. तांडेलाच्या कळश्यांनी काम केलं होतं, बुडातून एक थेंब पाणी आत आलं नाही.

बहिणीला आम्ही डोलीतून खाली आणलं. वर घोंगडी, त्यावर इरलं. मावशी बाजूने चालत काहीतरी बोलत होती. मी डोलीचा पुढचा दांडा धरला होता. मागच्या गादीवर बहिणीला निजवलं, आई आणि मावशी तिच्या दोन्ही बाजूंना बसल्या, तांडेल नाकाडावर, हातात बांबू. भरती चढत होती, समोरून जोराने पाणी आत येत होतं. तेच पाणी. मी हँडल मारलं. पहिल्या फटक्यात इंजिन चालू झालं आणि नाक उचलून लाँच सुटली. काठावरची माणसं ओरडली. मी घड्याळ बघितलं.

चार मिनिटं आम्ही सुरेख गेलो. पाचव्या मिनिटाला मागच्या नळीतून, जिथून इंजिनाचं पाणी बाहेर पडतं, पाण्याऐवजी वाफ येऊ लागली. मग जळक्या रबराचा दाट वास, मग आत कुणीतरी पत्र्यावर खिळा ओढावा तसा आवाज, आणि मग काहीच नाही. मी हँडल मारलं. ते जागचं हललं नाही. दुसऱ्यांदा मारलं तेव्हा माझा अंगठा उलटला. पुढे दिवाळीला चाचांनी इंजिन उघडून पंपाच्या आतलं करपून पीठ झालेलं रबर माझ्या तळहातावर ठेवलं आणि फक्त एवढंच विचारलं, "कोरड्यात चालवलंत?" गावाचं निदान वेगळं होतं. पुनवेच्या आधी पाण्यात घातली म्हणून. आजही तिकडे असंच सांगतात, आणि मी कुणाशी वाद घालत नाही.

भरतीने लाँच फिरवली आणि आम्ही जिथून निघालो होतो तिकडे उलटं नेऊ लागली. तांडेल बांबूने ती कांदळाच्या झाडांपासून दूर ठेवत होता.  बहिणीचे डोळे मिटलेले होते. मी गुडघ्यावर बसून हँडल धरलं होतं आणि मला अगदी स्वच्छ कळत होतं, की आता होडी काढायची, वल्हवायचं, आणि सव्वातीन तास. त्या वेळीही मला भीती वाटली नाही. फक्त आकडा आठवला.

काठाला लागलो. तांडेलाने हाक मारली, वल्ही आणा. माणसं धावली. बहिणीला पुन्हा वर अंगणात आणून टेकवलं होतं, होडी तयार होईपर्यंत. तेवढ्यात मावशीने तिला दोन बायकांच्या आधाराने आत नेलं आणि माजघराच्या उंबऱ्यावर येऊन दोन्ही हात चौकटीला लावून उभी राहिली. ती चार फुटांची बाई.

"आता हिला कुणी हात लावायचा नाय," ती म्हणाली.

"मावशी, बाजूला हो. वेळ जातोय."

"जाऊ दे. पोर दमलीय. तिला जरा पडू दे, पेज प्यायला दे, निजू दे. मूल आडवं नाय, मी बघितलंय. सकाळपासून घसा फोडून हेच सांगतेय तुला."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "राहू दे." मी अंगणात बसलो, माझा अंगठा सुजून काळा झाला होता, आणि तांडेल माझ्याशेजारी वल्हं घेऊन बसला, जणू अजून निघायचंच आहे.

आत बराच वेळ काहीही आवाज नव्हता. ती निजली होती खरोखरच. तास गेला, दुसरा गेला. ऊन पडलं, मग पुन्हा सर आली. मग आतून बहिणीची एक मोठी, चांगली ताकदीची ओरड ऐकू आली, त्यामागे मावशीचं "घे, घे, आता घे बाय माझी", आणि मग ते लहानसं, रागावलेलं रडणं.

आईने दारात येऊन सांगितलं, मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. आणि ती तिथेच दाराला टेकून रडायला लागली. तांडेलाने वल्हं जमिनीवर ठेवलं आणि डोक्याचं मुंडासं काढून चेहरा पुसला. मी उभा राहिलो. मला आनंद व्हायला हवा होता, आणि ते मला कळत होतं, पण तो आला नाही. त्याच्या आधी दुसरंच काहीतरी यायला लागलं होतं.

मावशी परसात दगडी डोणीवर हात धूत होती. मी तिच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"हिला हलवायला नकोच होतं," मी म्हटलं.

"नकोच होतं. पैलटकरीण, वेळ लागतो. तेवढा धीर धरायचा."

ती राख लावून नखं घासत राहिली. मी विचारलं, "आणि तेव्हा? कार्तिकात?"

तिचे हात थांबले. तिने वर बघितलं नाही.

"तेव्हा तू मला इचारलंस कुठं?"

ती रागाने बोलली नाही. एखाद्याने वाट विचारावी आणि आपण सांगावं, तसं बोलली.

"ती वाचली असती?"

"ते मला नाय ठाव रे. देवाशप्पत नाय ठाव. तिचं मूल पायाळू होतं, कठीण होतं. पण होडीत मी काय करणार होते? हात ठेवायला जागा नव्हती." तिने पदराला हात पुसले. "जा, भाचीला बघ जा."

मी गेलो नाही. ती आत गेल्यावर मी डोणीच्या काठावर बसलो आणि मला रडू आलं, इतकं, की तांडेल परसात आला, मला बघून घाबरला आणि आईला बोलवायला गेला. त्या बोटीसाठी मी वाटेत भेटेल त्याला विचारलं होतं. तांडेलाला, चाचांना, व्यापाऱ्याला, दवाखान्यातल्या कंपाउंडरला, स्टँडवरच्या ड्रायव्हरलासुद्धा. आणि कार्तिकातल्या त्या सकाळी, घरात वीस हात अंतरावर मावशी उभी असताना, मी तिला एक शब्द विचारला नव्हता.

बायकोलाही विचारलं नव्हतं. डोलीत घालताना तिने माझं मनगट धरलं होतं, घट्ट, आणि मला वाटलं होतं ती भ्यायली आहे. ती काहीतरी बोललीसुद्धा. काय बोलली ते मला ऐकू आलं नाही, कारण त्याच वेळी मी खाली वाकून तांडेलाला ओरडून विचारत होतो की भरती किती वेळात सुरू होईल.